सिंप्युटर : बंगळूरचे लोकयंत्र

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. यंत्रांचा इतिहास लिहिणारेही पुष्कळदा याच वाटेने जातात. ज्या यंत्रांनी बाजार जिंकला त्यांची चरित्रे लिहिली जातात. जी हरली त्यांना तळटीपेतही जागा मिळत नाही. आज ज्या यंत्राची हकीकत मी श्रोत्यांपुढे मांडणार आहे, ते बाजारात हरलेले यंत्र आहे. तथापि हरलेल्या पक्षाचे कागद वाचल्याखेरीज कोणत्याही काळाचे चित्र पुरे होत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको. या यंत्राचे नाव ‘सिंप्युटर’. साधा, स्वस्त, बहुभाषी असा लोकांचा संगणक, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते तयार केले होते. २५ एप्रिल २००१ रोजी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्याचा पहिला नमुना लोकांपुढे ठेवण्यात आला. आज तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. पण त्याच्या पोटात ज्या दोन गोष्टी एकत्र आणल्या होत्या, त्याच आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहेत. आणि त्याच्या निर्मात्यांनी जो तिसरा, अधिक मोलाचा प्रश्न विचारला होता, तो मात्र अजून अनुत्तरित आहे.

हे यंत्र बंगळूरलाच का जन्मले, हे आधी पाहिले पाहिजे. जमशेटजी टाटांच्या संकल्पातून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर उभी राहिलेली विज्ञान संस्था १९०९ पासून या शहरात आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली येथे दूरध्वनींची यंत्रसामग्री बनविणारा सरकारी कारखाना निघाला आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली. आकाशवाणीच्या श्रोत्यांना या दुसऱ्या संस्थेविषयी थोडी आपुलकी वाटावयास हरकत नाही; कारण आकाशवाणीसाठी लागणारे प्रक्षेपक या कारखान्याने बनविले आहेत. पुढे १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने येथे आपले संशोधन केंद्र उघडले. तिच्या पाठोपाठ इतर आल्या. या शहरातील हजारो तरुण परदेशच्या कंपन्यांसाठी संगणकाच्या आज्ञावल्या लिहू लागले. शहराची कीर्ती वाढली, पगार वाढले. पण शहरापासून पन्नास मैलांवरच्या शेतकऱ्याला या साऱ्या विद्येचा उपयोग काय, हा प्रश्न तसाच राहिला.

ऑक्टोबर १९९८ मध्ये बंगळूरला भरलेल्या माहिती-तंत्रज्ञान परिषदेच्या निमित्ताने विकसनशील देशांचा आणि या तंत्रज्ञानाचा संबंध काय, यावर एक परिसंवाद झाला. तेथे हा प्रश्न उघडपणे विचारला गेला आणि त्याच्या चर्चेतून ही कल्पना पुढे आली. विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे चार प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या बंगळूरच्याच कंपनीतील विनय देशपांडे, शशांक गर्ग व मार्क मथायस अशा सात जणांनी १९९९ साली ‘सिंप्युटर ट्रस्ट’ स्थापन केला. कंपनी न काढता त्यांनी न्यास काढला, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. या साऱ्या कथेचे मर्म त्या निवडीत आहे.

आता यंत्राच्या अंतरंगाकडे वळू. कोणत्याही संगणकाला दोन गोष्टी लागतात. एक, गणित करणारी चिप, जिला प्रक्रियक म्हणतात. आणि दुसरी, त्या चिपेकडून कामे करवून घेणारी मूळ आज्ञावली, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर पहिला राबणारा हात आणि दुसरी त्याला कामे वाटून देणारी व्यवस्था. सिंप्युटरच्या निर्मात्यांनी या दोन्ही गोष्टी मोठ्या विचाराने निवडल्या, आणि दोन्हींमागे स्वतंत्र इतिहास आहे.

चिप होती ‘आर्म’ घराण्यातील. या घराण्याचे मूळ इंग्लंडमधील केंब्रिज येथे आहे. एकॉर्न नावाच्या एका लहान कंपनीतील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८३ साली स्वतःचा प्रक्रियक आखण्यास आरंभ केला. कंपनीजवळ मोठे भांडवल नव्हते, म्हणून आखणी शक्य तितकी साधी ठेवणे भाग होते. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली व ती लगेच चालली. फर्बर यांनी ती किती वीज खाते हे मोजावयास घेतले, तो मापकाचा काटा शून्यावर! शोध घेता असे आढळले की चिपेला वीज पुरविणारी तार जोडलीच गेली नव्हती. शेजारच्या सुट्या भागांतून झिरपणाऱ्या थोड्याशा विजेवरच ती आपले काम बिनतक्रार करीत होती. गरिबीतून आलेला साधेपणा असा गुण ठरला. १९९० साली या आखणीसाठी स्वतंत्र कंपनी निघाली. ती स्वतः चिपा न बनविता त्यांच्या आखणीचे परवाने विकू लागली. अशाच परवान्याखाली निघालेली ‘स्ट्राँगआर्म’ ही इंटेल कंपनीची चिप सिंप्युटरमध्ये बसविण्यात आली. ज्या गावात दिवसाचे कित्येक तास वीज नसते, तेथे बोटाएवढ्या बॅटऱ्यांवर चालणारे यंत्र हवे. म्हणून ही निवड.

ऑपरेटिंग सिस्टीम होती लिनक्स. तिची वंशावळ ‘युनिक्स’पर्यंत पोहोचते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. तिची रचना इतकी सुबक होती की जगातील विद्यापीठांनी ती डोक्यावर घेतली. परंतु ती कंपनीची मालमत्ता होती, आणि पुढे मालकाने दारे लावून घेतली. ही दारे लागल्याचे दुःख ज्यांना झाले त्यांत रिचर्ड स्टॉलमन हे एक होते. युनिक्ससारखी, पण सर्वांस मुक्त अशी कार्यप्रणाली लिहिण्याचा संकल्प त्यांनी १९८३ साली जाहीर केला, आणि १९८९ साली तिच्यासाठी एक परवाना तयार केला. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने अशा प्रणालीचा गाभा लिहिला व पुढच्याच वर्षी तो त्याच परवान्याखाली जगाला देऊन टाकला. हीच लिनक्स. बंगळूरच्या मंडळींना तिचे आकर्षण तिहेरी होते. प्रत्येक यंत्रामागे कोणास पैसे मोजावयाचे नव्हते. अनावश्यक भाग काढून टाकून ती अवघ्या ३२ मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रात बसविता येत होती. आणि तिचे मूळ लेखन उघडे असल्यामुळे भारतीय लिप्या तिच्यात घालण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावयाची नव्हती.

यंत्र तळहातावर मावेल एवढे होते. कळफलक नव्हता, लहान पडद्यावर लेखणीसारख्या काडीने स्पर्श करावयाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला चित्रे पाहून व आवाज ऐकून काम करता यावे, ही मूळ अपेक्षा. त्यासाठी लिहिलेला मजकूर भारतीय भाषांत वाचून दाखविणारी ‘ध्वनी’ नावाची आज्ञावली रमेश हरिहरन यांच्या हातून विज्ञान संस्थेत तयार झाली. दुसरी युक्ती स्मार्टकार्डाची. नऊ हजार रुपये हे नियोजित मोलही एका शेतमजुराला परवडणारे नाही, हे निर्मात्यांना ठाऊक होते. म्हणून यंत्र गावाचे आणि कार्ड ज्याचे त्याचे, अशी त्यांची योजना होती. आपले कार्ड यंत्रात सरकवावे, आपला हिशेब, आपली नोंद पाहावी, आणि कार्ड घेऊन घरी जावे. पुढचा माणूस त्याच यंत्रावर आपले कार्ड लावील. गावच्या पाणवठ्यावर प्रत्येक जण आपापली घागर घेऊन जातो, तसाच हा प्रकार.

येथवर जे सांगितले ती कुशल कारागिरी झाली. सिंप्युटरचे खरे वेगळेपण त्याच्या परवान्यात होते. या परवान्याचे स्वरूप समजण्यासाठी आपल्याच इतिहासातील एक दाखला उपयोगी पडेल. महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि कोकणपट्टीवर भूमिदानाचे शेकडो ताम्रपट व शिलालेख सापडले आहेत. दान कोणी दिले, कोणास दिले, चतुःसीमा कोणत्या, हे सांगून झाल्यावर त्यांत बहुधा एक शापवचन येते : हे दान जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे घाणीतील किडा होऊन राहील. कोकणातील शिलाहारांच्या काळी तर दगडावर गाढवाचे चित्र कोरून हा शाप निरक्षरालाही समजेल असा करीत. त्या शिळांना आपण गधेगाळ म्हणतो. दान देणाऱ्यास आपल्या औदार्याची खात्री होती. खात्री नव्हती ती पुढच्या पिढ्यांच्या सचोटीची. म्हणून दान टिकविण्याची तजवीज दानपत्रातच करावी लागे.

स्टॉलमन यांचा परवाना हे अशाच जातीचे दानपत्र आहे. ही आज्ञावली घ्या, वाचा, बदला, वाटा, विका. अट एवढीच की ज्याला ती द्याल त्यालाही हेच सारे अधिकार मिळाले पाहिजेत. ताम्रपट दान घेणाऱ्याच्या उपभोगाचे रक्षण करीत असे; हा परवाना दान घेणाऱ्याच्या नंतर येणाऱ्याचे रक्षण करतो. शापाची जागा येथे कायद्याने घेतली आहे.

सिंप्युटर ट्रस्टने एक पाऊल पुढे टाकले. आज्ञावलीला लागू असलेले हे तत्त्व त्यांनी यंत्राच्या आखणीलाही लावण्याचा प्रयत्न केला. कोणीही आराखडे घ्यावेत, प्रयोग करावेत, सुधारणा कराव्यात. यंत्रे बनवून विकावयाची असतील तर एकदाच परवाना-शुल्क भरावे : विकसनशील देशांतील कंपनीने पंचवीस हजार डॉलर, श्रीमंत देशांतील कंपनीने त्याच्या दसपट. आखणीत जी सुधारणा ती कंपनी करील, तिचा लाभ पहिले एक वर्ष तिने एकटीने घ्यावा; त्यानंतर ती सुधारणा न्यासाकडे, म्हणजेच सर्वांकडे, परत यावी. उद्योजकाचा नफा आणि समाजाचा हक्क यांची सांगड घालणारी ही रचना होती. यंत्राच्या आराखड्यांसाठी असे खुले परवाने लिहिण्याचे प्रयत्न पुढे जगभर झाले. बंगळूरच्या या सात जणांचा प्रयत्न त्यांतील आरंभीच्यांपैकी एक होय.

मग हे यंत्र हरले का? कागदावरून प्रत्यक्षात येता येता त्याला उशीर झाला. एन्कोर कंपनीने आपला सिंप्युटर आधी आणला. प्राध्यापक मंडळींनी काढलेल्या पिकोपेटा या कंपनीचा ‘अमिडा’ सिंप्युटर भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात तयार होऊन एप्रिल २००४ मध्ये बाजारात आला. हाताच्या हालचालीने पाने उलटावीत अशी सोय त्यात होती. हीच सोय पुढे परदेशी फोनांत आली तेव्हा तिचे कौतुक जगभर झाले. परंतु त्याची किंमत ९,९५० रुपयांपासून सुरू होऊन रंगीत पडद्याच्या नमुन्यासाठी १९,९५० रुपयांपर्यंत जात होती. सुटे भाग परदेशांतून आणावयाचे. थोडी यंत्रे बनवावयाची म्हणून एकेकाची किंमत अधिक, आणि किंमत अधिक म्हणून गिऱ्हाईक थोडे, असा हा फेरा होता. तो मोडावयास लाखांच्या संख्येने मागणी हवी होती आणि तेवढी मागणी केवळ सरकारच करू शकत होते. ती आली नाही. त्याच सुमारास, मे २००३ पासून, मोबाइल फोनवर येणारे कॉल फुकट झाले आणि स्वस्त फोन खेड्यांत शिरला. शेतकऱ्याला माहिती हवी होती हे खरे. पण त्याआधी त्याला मुंबई-पुण्याला गेलेल्या मुलाशी बोलावयाचे होते. सिंप्युटर बनविणाऱ्यांनी गावाची गरज ओळखली होती. गरजांचा क्रम मात्र गावाने स्वतः लावला. विक्री काही हजारांच्या पुढे गेली नाही.

तरी त्या काही हजारांनी केलेले काम नोंदण्यासारखे आहे. म्हैसूरच्या संघमित्रा संस्थेने लहान कर्जांच्या हिशेबासाठी सिंप्युटर वापरला. गोव्यात धेंपो उद्योगसमूहाने खाणीच्या तोंडापासून जहाजापर्यंत जाणाऱ्या लोहखनिजाचा माग ठेवण्यास तो वापरला. आणि कर्नाटक शासनाने जमिनीच्या नोंदींच्या कामी त्याचा उपयोग केला. या शेवटच्या कामाविषयी, महसुली दप्तराशी नोकरीनिमित्त संबंध येणारा माणूस या नात्याने, मी दोन शब्द अधिक बोलतो.

कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखाली सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकावर चढविण्यात आले आणि पंधरा रुपयांत छापील उतारा तालुक्याच्या ठिकाणी मिळू लागला. आपण ज्याला सातबारा म्हणतो त्याला येथील शेतकरी पहाणी म्हणतो. शब्द दोन्ही भाषांना ओळखीचा आहे. पण मालकीची नोंद एकदा चढविली की काही काळ टिकते. पिकाची नोंद दर हंगामास बदलते. ती घेण्यासाठी कोणीतरी बांधावर जावयास हवे. कचेरीतला संगणक बांधावर जात नाही. सिंप्युटर जाऊ शकत होता. कुळकर्ण्याच्या बस्त्यापासून तलाठ्याच्या वहीपर्यंत शतकानुशतके जी लेखणी शेतावर गेली, तिच्या जागी हे यंत्र ठेवून पाहण्यात आले. पिकाची नोंद चुकली तर कर्ज अडते, विमा अडतो, नुकसानभरपाई अडते. म्हणून नोंद कोण करतो, ती कोण पाहू शकतो, हा प्रश्न शेतकऱ्याच्या पोटाचा आहे.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःच्या पिकाची नोंद करू लागला. श्रोतेहो, तो मोबाइल उघडून पाहिला तर काय दिसेल? चिप आर्म घराण्याची. आणि २००८ साली बाजारात आलेल्या अँड्रॉइड प्रणालीच्या गाभ्याशी लिनक्स. २००१ साली बंगळूरच्या त्या लहान यंत्रात जी जोडी एकत्र नांदत होती, तीच ही. यंत्र हरले, त्याची कल्पना जिंकली, असे म्हणून कथा येथे संपविता आली असती.

पण तसे म्हणणे अपुरे होईल. सिंप्युटरची वचने दोन होती. एक स्वस्ताईचे, दुसरे मोकळेपणाचे. पहिले वचन बाजाराने, निर्मात्यांच्या अपेक्षेहूनही मोठ्या प्रमाणावर, पुरे केले. दुसरे अर्धेच उरले. त्या शेतकऱ्याच्या फोनाचा गाभा मुक्त परवान्याचा आहे खरा. पण गाभ्याभोवतीचे कवच अनेकदा बंद असते. फोन त्याच्या मालकीचा, पण त्यात काय चालावे आणि केव्हा तो जुना ठरावा, हे दूरवरचा कोणी ठरवितो. जमीन आपली, पण विहिरीची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला, अशी ही स्थिती आहे.

मोकळेपणाचा धागा दुसरीकडे टिकला आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत केंब्रिजमध्येच ‘रास्पबेरी पाय’ नावाचा, पत्त्याच्या पानाएवढा, पस्तीस डॉलरचा उघडा संगणक निघाला. त्यावर आर्म चिप असते; एका लहानशा कार्डावर लिनक्स उतरवून ते त्यात सरकवावयाचे, की यंत्र चालू होते. बिघडले तर कार्ड पुसून पुन्हा लिहावे. अशा पट्ट्या आज आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि शाळांच्या प्रयोगशाळांतही दिसतात. विद्यार्थ्याला यंत्र मोडण्याची आणि पुन्हा जोडण्याची मुभा मिळाली की तो गिऱ्हाईक न राहता कारागीर होतो. आर्मची आखणी स्वतः मात्र मुक्त नाही, ती पैसे देऊनच घ्यावी लागते, म्हणून आय.आय.टी. मद्रासच्या मंडळींनी खुल्या आखणीचा ‘शक्ती’ प्रक्रियक हाती घेतला आणि २०१८ साली त्यावर लिनक्स चालवून दाखविली.

आणि ‘ध्वनी’? ज्या यंत्रासाठी ती वाचणारी वाणी जन्मली ते यंत्र गेले; पण ती मुक्त परवान्याखाली होती. केरळातील संतोष तोट्टिंगल या प्रोग्रामरने ती उचलली, वाढविली, आणि तिच्यात आणखी भाषांची भर पडली; मराठी त्यांतील एक. तिच्या मूळ कर्त्यास त्यासाठी कोणी परवानगी विचारण्याचे कारणच नव्हते, कारण ती आधीच देऊन ठेवलेली होती. हीच आज्ञावली एखाद्या कंपनीच्या कपाटात कुलूपबंद असती, तर त्या कंपनीबरोबर ती मुकी झाली असती.

ताम्रपट देणारी राजघराणी गेली, त्यांचे किल्ले पडले, राजधान्यांवर गवत उगवले; काही दाने मात्र, दानपत्र नीट लिहिलेले होते म्हणून, कितीतरी पिढ्या चालली. यंत्र घेताना आपण त्याची किंमत विचारतो, वेग विचारतो, रंगही विचारतो. त्याचे दानपत्र काय म्हणते, हेही विचारण्याची सवय आपल्या शाळांना, ग्रामपंचायतींना आणि विशेषतः आमच्या सरकारी कचेऱ्यांना लागली, तर बंगळूरच्या त्या सात जणांचे श्रम वाया गेले असे म्हणण्याची पाळी कोणावर येणार नाही.